सल्ला आवरण्याचे शिक्षण

मानसिक त्रासातल्या माणसाला आधार देण्याचे प्रशिक्षण ज्यांना दिले जाते, त्यांच्यात मानसशास्त्राचा पदवीधर क्वचितच असतो. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात अशा वर्गाला आशा सेविका, अंगणवाडी सेविका, बचत गटांच्या कार्यकर्त्या आणि एखाद्या संस्थेची गावपातळीवरची माणसे येतात. शहरात वस्तीत काम करणारे समाजकार्यकर्ते येतात, निवारागृहांतले कर्मचारी येतात, पोलिसांच्या आवारात चालणाऱ्या महिला व मुलांसाठीच्या विशेष कक्षांतल्या समाजकार्यकर्त्या येतात. असा पहिला कक्ष १९८४ साली मुंबई पोलिसांकडे टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने सुरू झाला, तो कौटुंबिक हिंसेसाठी. पण मारहाणीची तक्रार घेऊन आलेली बाई कित्येक महिने धड झोपलेली नसते, हे तिथे बसणाऱ्या कोणालाही लवकरच दिसू लागते. मदत मागणारा माणूस आपल्या त्रासाचे नाव सांगत येत नाही. रेशनकार्ड, थकलेला हप्ता, सासूचा जाच, शाळा सोडलेला मुलगा असे काहीतरी तो पुढे करतो. ऐकणाऱ्याला मागचे ऐकू आले तर आले.

अशा बिगरतज्ज्ञ माणसांवर हे काम सोपवावे लागते, त्याचे कारण आकड्यांत आहे. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्यांतल्या प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे आढळले. आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. मानसोपचारतज्ज्ञ देशात लाखामागे एकही पुरत नाही, आणि आहेत ते मुख्यतः शहरांत. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला, कर्नाटकातल्या बेल्लारीच्या अनुभवावरून १९९६ मध्ये जिल्हा कार्यक्रम आला. त्यामुळे डॉक्टर जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंत आले. तिथून गावापर्यंतचे अंतर मात्र तसेच राहिले.

ते अंतर बिगरतज्ज्ञ माणसे भरून काढू शकतात का, ही शंका डॉक्टरांना होती आणि ती रास्तही होती. तिचे सर्वांत भक्कम उत्तर गोव्यातून आले. तिथल्या ‘संगाथ’ संस्थेच्या ‘मानस’ प्रयोगात मानसिक आरोग्याची कसलीही पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना शिकवून २४ दवाखान्यांत काम केले गेले. त्यांतले निम्मे सरकारी होते, निम्मे खासगी. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरकारी आरोग्य केंद्रांत समुपदेशक असलेल्या ठिकाणी सहा महिन्यांनी ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले होते. समुपदेशक नसलेल्या ठिकाणी हे प्रमाण ४२.५ टक्के होते. खासगी दवाखान्यांत मात्र फरक दिसला नाही. या दुसऱ्या निष्कर्षाचा उल्लेख प्रशिक्षणाच्या भाषणांत सहसा होत नाही, आणि तो व्हायला हवा. शिकवलेले माणूस कुठे बसवले आहे, तिथे त्याच्याशिवाय आधीच काय मिळते आहे, यावर त्याचा उपयोग ठरतो.

प्रशिक्षणाचा पहिला दिवस बहुतेक ठिकाणी वाया जातो. पडद्यावर आजारांची यादी येते: अवसाद, चिंता, स्किझोफ्रेनिया, द्विध्रुवी विकार, प्रत्येकाची लक्षणे. वह्या भरतात. जेवणाच्या सुट्टीत निम्म्या जणींना स्वतःला दोन आजार झालेले असतात आणि उरलेल्या निम्म्यांनी सासूचे निदान केलेले असते. नावे कळून गावात काही करता येत नाही. त्यापेक्षा गावात आधीच जे बोलले जाते तिथून सुरुवात केली तर वर्ग जागा होतो. ‘टेन्शन’ तर सगळ्यांनाच असते. ‘डोक्यात विचारच विचार येतात’, ‘जीव घाबरा होतो’, ‘कशातच मन लागत नाही’, ‘अंगात त्राण राहिलं नाही’, ‘बाहेरचं झालंय’ अशा तक्रारी फळ्यावर लिहिल्या, आणि असे बोलणारे कोण कोण आठवते ते नावे न घेता सांगायला लावले, की प्रत्येकीकडे सांगण्यासारखे निघते. एक जण कुठल्याशा मळ्यातली बांधून ठेवलेली मुलगी सांगते. दुसरी बाळंतपणानंतर बाळाला जवळ न घेणारी सून सांगते, तिला सगळ्यांनी कामचुकार ठरवलेले असते. आजारांची नावे त्यानंतर सांगितली तर ती लक्षात राहतात.

‘बाहेरचं’ या प्रकाराशी भांडावे की नाही, हा प्रश्न हमखास निघतो. महाराष्ट्रात २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि तो कार्यकर्त्यांना माहीत असलाच पाहिजे. मारहाण, चटके, उपासमार असे काही चालले असेल तर तिथे तडजोड नाही. पण देवऋष्याकडे जाऊन अंगारा आणणाऱ्या कुटुंबाला पहिल्याच भेटीत अडाणी ठरवले, की ते दार कायमचे बंद होते. मुरलेल्या कार्यकर्त्या इथे वेगळी वाट काढतात. देवाला जायचे ते जा, गोळी मात्र चुकवू नका, एवढेच त्या सांगतात. काही प्रशिक्षकांना हे बोटचेपे वाटते. गोळ्या चालू राहण्याशी ज्याला मतलब आहे, त्याला ते वाटत नाही.

यापुढचा भाग ऐकण्याचा. सर्वांत जास्त वेळ त्यालाच लागतो, आणि खरी अडचण ऐकण्याची नसून गप्प बसण्याची असते. आशा सेविकेला आरोग्य खात्याने वर्षानुवर्षे सांगायला शिकवलेले आहे. लस घ्या, लोहाच्या गोळ्या खा, बाळंतपण दवाखान्यातच करा. गावात तिचा मान तिच्या सांगण्यावर उभा आहे. या वर्गात मात्र तिला नेमके उलटे करायचे असते. तिघींच्या गटात सराव चालतो: एक त्रासलेली बाई होते, एक ऐकणारी, तिसरी फक्त निरीक्षण करते. पहिल्या दोन-तीन मिनिटांतच ऐकणारीच्या तोंडून निघते, ‘मनावर घेऊ नका ताई’, नाहीतर ‘लेकराबाळांकडं बघून दिवस काढा’, ‘देव सगळं ठीक करील’. यातला शब्दन्‌शब्द प्रेमाचा असतो आणि प्रत्येक वाक्याने समोरचीचे बोलणे थांबते. लेकरांकडे बघूनही जगावेसे वाटत नाही, हेच तर तिला सांगायचे असते. सल्ल्याने बरे वाटते ते देणाऱ्याला. ऐकवत नसलेली गोष्ट त्याने थांबवता येते. त्रासलेल्या बाईची भूमिका केलेल्या कार्यकर्तीला सरावानंतर ‘तुला कुठं वाटलं की आता बोलू नये?’ असे विचारले, तर ती नेमके ते वाक्य दाखवून देते. प्रशिक्षकाच्या तासभराच्या व्याख्यानापेक्षा याचा परिणाम जास्त होतो.

मग त्याऐवजी बोलायचे काय? फार थोडे. ‘मग काय झालं?’, ‘हे कधीपासून आहे?’, ‘दिवसात कोणत्या वेळी जास्त होतं?’ मधूनच तिचेच म्हणणे थोडक्यात तिला परत सांगायचे आणि ‘बरोबर ना?’ म्हणून विचारायचे. ती रडायला लागली तर पाण्याचा पेला पुढे करायची घाई नको. वर्गात काही क्षण शांत बसण्याचा सराव केला तर सगळ्या हसू लागतात, कारण गप्प बसणे गावातल्या बोलण्याच्या रीतीत नाही. हसू ओसरल्यावर ते जमू लागते.

कुठे बसून ऐकायचे, याकडे पुस्तकी प्रशिक्षणांचे फारसे लक्ष नसते. दोन खोल्यांच्या घरात पडद्याआड सासू असते, ओट्यावर दीर. ‘एकांतात बोला’ असे पुस्तिकेत लिहिणे सोपे आहे. अनुभवी आशा सेविका वजन करण्याच्या निमित्ताने सुनेला उपकेंद्रावर बोलावते, नाहीतर शेतातून परतताना वाटेत गाठते. पुरुषांच्या बाबतीत पेच आणखी वाढतो. कर्जात बुडालेला शेतकरी घरात येऊन बसलेल्या आशाताईपुढे आपल्या मनाचे सांगायला सहसा तयार नसतो. तो बोललाच तर बांधावर, बैल सोडताना, नजर दुसरीकडे ठेवून बोलतो. सन २०१५ पासून विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत राबवल्या गेलेल्या सरकारच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात घरोघरी जाऊन प्रश्नावली भरण्याचे काम आशा सेविकांवरच होते. अशा कामाला पुरुष कार्यकर्ते मिळवायला हवेत, हे प्रत्येक आढावा बैठकीत निघते आणि तिथेच राहते.

गोपनीयतेचे तत्त्व शिकवायला पाच मिनिटे पुरतात. पाळायला गावात राहून जन्म जातो. कार्यकर्ती त्याच गावची असते, तिची जाऊ त्याच बचत गटात असते. ‘ही गावभर करील’ या भीतीने लोक शेजारच्या गावच्या ताईकडे जाणे पसंत करतात, आणि काही ठिकाणी मुद्दाम तशीच वाटणी करतात. नोंदवहीत नावाऐवजी क्रमांक टाकणे, वही घरी न नेणे असल्या बारीक गोष्टी इथे कामाच्या. एक अपवाद मात्र आधीच सांगून ठेवावा लागतो: जिवाला धोका दिसला, तर गोष्ट आपल्यापाशी ठेवता येणार नाही.

ओळखण्यासाठी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली बहुतेक ठिकाणी वापरली जाते, ‘पीएचक्यू-९’. मागच्या दोन आठवड्यांत झोप, भूक, थकवा, मन न लागणे, स्वतःला कमी लेखणे वगैरे किती दिवस झाले, याला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा जास्त गुण आले तर पुढे लक्ष द्यायचे. ही चाळणी आहे, निदान नव्हे. कार्यकर्तीने ‘तुम्हाला डिप्रेशन आहे’ असे कुणालाही सांगायचे नसते. कापूस वेचणीच्या दिवसांत थकवा नाही म्हणणारी बाई वऱ्हाडात सापडायची नाही. रक्त कमी असले तरी हेच सगळे होते. म्हणून आकड्याबरोबर हिमोग्लोबिनही पाहायचे असते.

ऐकल्यावर करायचे काय, याची एक साधी आणि तपासून पाहिलेली रीत ‘संगाथ’ने गोव्यात पुढे विकसित केली. सहा ते आठ भेटी, प्रत्येक अर्ध्या-पाऊण तासाची. तिचा गाभा असा की मन लागेल तेव्हा काम करू, ही वाट पाहणेच माणसाला आत ओढत नेते. आधी थोडे काम केले तर मन थोडे मागून येते. भजनी मंडळात जाणे सोडलेल्या बाईला लगेच मंडळात पाठवत नाहीत. पहिल्या आठवड्यात संध्याकाळी ओसरीवर बसायचे, दुसऱ्यात शेजारणीकडे जायचे, काय केले आणि नंतर कसे वाटले ते चित्रांच्या तक्त्यावर भरायचे. दहा आरोग्य केंद्रांतल्या तीव्र अवसादाच्या ४९५ रुग्णांवर ही रीत तपासली गेली. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के आणि न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के लोक त्या आजारातून बाहेर आले होते. २०१७ साली हे प्रसिद्ध झाले.

या भेटींतून कर्ज माफ होत नाही. ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल, आणि ज्या प्रशिक्षणात गरिबीचा उल्लेखच येत नाही ते गावात हास्यास्पद होते. समाजकार्यकर्त्याचा फायदा हाच की त्याला तलाठी, बँक आणि सेतू केंद्र यांचा रस्ता माहीत असतो. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात सुरू होऊन पुढे गुजरातेतल्या मेहसाण्यात वाढलेल्या ‘आत्मीयता’ उपक्रमात गावातल्या स्वयंसेवकांना समुपदेशनाबरोबरच सरकारी योजनांचे लाभ मिळवून देण्याचेही काम दिलेले होते, आणि दोन्ही मिळून एकच काम मानले गेले. पीकविम्याचा अर्ज भरून देणाऱ्या माणसाशी लोक मनातले बोलतात. याच्या उलट क्रमाने विश्वास जुळताना फारसा दिसत नाही.

आत्महत्येचा प्रश्न आला की वर्ग घाबरतो. प्रश्नावलीचा नववा प्रश्न नेमका त्याविषयीच आहे आणि नव्या कार्यकर्त्या तो पुटपुटत उरकतात किंवा ‘तसलं काही मनात येत नाही ना?’ असा विचारतात. या विचारण्यातच उत्तर दडलेले असते. समोरचीला ‘नाही’ म्हणण्यावाचून गत्यंतर राहत नाही. स्पष्ट विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवा विचार शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते, हे अभ्यासांतून पुरेसे सिद्ध झाले आहे. म्हणून ‘जगणं नको वाटतं का? मरून जावं असं मनात येतं का? कसं करायचं तेही ठरवलंय का?’ हे प्रश्न मोठ्याने, एकमेकींच्या डोळ्यांत पाहून, जीभ अडखळायची थांबेपर्यंत म्हणायला लावावे लागतात. ‘हो’ आले तर पुढचे ठरलेले असते. माणसाला एकटे सोडायचे नाही. घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला त्याच्या संमतीने, आणि धोका समोर असेल तर संमतीविनाही, सांगायचे. फवारणीचे औषध घरातून हलवायचे. शेतकरी कुटुंबांत हा शेवटचा मुद्दा सर्वांत व्यावहारिक ठरतो. तीव्र इच्छेचा काळ अनेकदा थोडाच वेळ टिकतो, आणि त्या वेळी कीटकनाशकाचा डबा आढ्याला हाताशी असणे किंवा शेतातल्या कुलुपात असणे, यावर पुष्कळ काही ठरते. औषध पोटात गेलेच असेल तर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याच्या खटपटीत वेळ न घालवता १०८ला फोन करून थेट रुग्णालयात न्यायचे. ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, तो पाठ असावा.

पोलिसांच्या भीतीने घरचे लोक प्रयत्न लपवतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला, २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरले जाते. त्याच्यावर खटला चालवायचा नसतो आणि शासनाने त्याची काळजी घ्यायची असते. जुन्या दंडसंहितेतले कलम ३०९ तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत आलेलेच नाही. हे नीट समजावून सांगणारे कोणी गावात असले तर रुग्णालयात जायला उशीर होत नाही.

तीव्र आजारांत कार्यकर्त्याचे काम वेगळे असते. एकटाच बोलणारा, कुणी आपल्यावर पाळत ठेवते असे म्हणणारा, महिनोन्‌महिने अंघोळ न केलेला तरुण समुपदेशनाने बरा होणार नाही. त्याला डॉक्टरकडे पोचवायचे आणि नंतर गोळ्या टिकवायच्या. खरे काम दुसऱ्यातले. गोळ्या सुरू झाल्या की हात थरथरतात, लाळ गळते, झोप फार येते, वजन वाढते. ‘नुसता झोपून राहतो’ म्हणून घरचे गोळ्या बंद करतात आणि दोन-तीन महिन्यांत आजार उलटतो. हे त्रास लिहून डॉक्टरकडे नेणे, मात्रा बदलून घेणे आणि तोवर गोळी थांबू न देणे एवढे ज्याला जमले, त्याने निम्मा गड सर केला. तमिळनाडूतल्या एरवाडी इथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. २०१७च्या कायद्यात साखळीने बांधण्याला मनाई आहे. तरीही साखळी दिसली की आधी आईशी बोलावे लागते. तिला मजुरीला जायचे असते आणि मागे पाहणारे कोणी नसते. तिचा दिवसभराचा प्रश्न सोडवल्याशिवाय कुलूप निघत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले, तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी अर्ज करता येतो. या कागदांसाठीची पायपीट कुटुंबाला एकट्याने झेपत नाही.

वर्ग संपल्यावर काय होते, यावर सगळे अवलंबून असते आणि निधी नेमका तिथेच संपतो. पाच दिवसांच्या शिबिरानंतर प्रमाणपत्र वाटले की शिकलेले काही आठवड्यांत विरते. ताई पुन्हा सल्ले देऊ लागते. गोव्यातल्या कामात समुपदेशकांना वर्गानंतर उमेदवारी करावी लागे आणि गटाने दर आठवड्याला बसून एकमेकांच्या भेटींचे ध्वनिमुद्रण ऐकून गुण द्यावे लागत. ध्वनिमुद्रण अर्थातच संमतीने. सुरुवातीला हे गुण तज्ज्ञ देत, पुढे समुपदेशक स्वतःच देऊ लागले, आणि त्यांचे गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळतात असे आढळले. आपला आवाज आपणच ऐकताना ‘अगं, मी किती बोलतेय’ हे कुणी सांगावे लागत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्प चालला, तिथे अवसाद असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. तिथेही गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांच्या मागे समुपदेशक आणि त्यांच्या मागे मानसोपचारतज्ज्ञ अशी उतरंड होती. निव्वळ शिबिरांनी असे आकडे हलत नाहीत.

या बैठकांचा आणखी एक उपयोग आहे, तो अहवालात येत नाही. ऐकणारीच्या घरीही कर्ज असते, पिणारा नवरा असतो. एखाद्या गावातला तिचा माणूस मेला तर ‘मी विचारायला हवं होतं’ हे तिच्या मनात घोळत राहते, आणि ते बोलायची जागा दुसरी नसते. शिवाय आशा सेविका कामावर आधारित मोबदल्यावर जगते. लसीकरण, क्षयरोग, सर्वेक्षणे यांच्या वह्या तिच्या पिशवीत आधीच असतात. त्यात विनामोबदला आणखी एक वही टाकून मनाचे आरोग्य सुधारण्याची अपेक्षा करणे शासनाला परवडते, तिला परवडत नाही.

प्रशिक्षणाचा शेवटचा दिवस सभागृहात न भरवता जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात भरवणे शहाणपणाचे. केसपेपर कोणत्या खिडकीवर निघतो, डॉक्टर कोणत्या वारी असतात, ग्रामीण रुग्णालयाला त्यांची भेट महिन्यातून कधी असते, कोणत्या गोळ्या भांडारात नेहमी असतात आणि कोणत्या संपतात, तिथल्या समाजसेवा अधीक्षकांचा फोन कोणता, हे कार्यकर्त्यांनी स्वतः पाहून टिपून घ्यावे. दीडशे रुपये भाडे खर्चून आणलेला रुग्ण ‘आज साहेब नाहीत’ ऐकून परत गेला, तर त्याला दुसऱ्यांदा आणायला ताईची सारी पुण्याई लागते.